विद्यापीठात धर्म शिकायचा म्हणजे काय?

दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग १९५७ साली सुरू झाला आणि त्याची धुरा पुण्याचे पाली पंडित पु. वि. बापट यांच्याकडे आली. आदल्याच वर्षी, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्यानिमित्त, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने बापटांच्या संपादनाखाली बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ काढला होता. आज दिल्ली परिसरात धर्मांचा असा अभ्यास अनेक ठिकाणी चालतो. जामिया मिल्लियात इस्लामी अध्ययनाचा विभाग आहे, ग्रेटर नोएडाच्या गौतम बुद्ध विद्यापीठात बौद्ध अध्ययन शिकवले जाते, दिल्ली विद्यापीठात २०२३ पासून हिंदू अध्ययनाचे एम.ए. आहे. तरीही मुलाने किंवा मुलीने हा विषय घ्यायचा म्हटला की घरात शंकांची रांग लागते. त्यांतल्या बहुतेक शंकांचे मूळ एकच आहे. धर्म पाळायला शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो.

गैरसमज: धर्मनिरपेक्ष देशात सरकारी पैशाने धर्म शिकवणे घटनेला धरून नाही.

घटनेच्या अनुच्छेद २८ मधली बंदी नेमकी आहे. संपूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण, म्हणजे एखाद्या पंथाची शिकवण आणि उपासना विद्यार्थ्याच्या गळी उतरवणे, घटनेला मान्य नाही. अभ्यासाला तिने हात लावलेला नाही. १९७१ साली डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासावर आक्षेप आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात, शालेय अभ्यासक्रमाच्या संदर्भात, तो पुन्हा अधोरेखित झाला. त्याआधी शिक्षणविषयक कोठारी आयोगानेही धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे मानले होते. व्यवहारात ही रेषा दरवेळी स्वच्छ नसते, हे मान्य करायला हवे. दिल्लीच्याच लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय संस्कृत विद्यापीठात पौरोहित्य हा शिकण्याचा विषय आहे आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. पण सीमेवर वाद आहे एवढ्यावरून सीमाच नाही असे ठरत नाही.

गैरसमज: हे शिक्षण पुरोहित, भिक्खू, मौलवी किंवा पाद्री घडवण्यासाठी असते.

त्यासाठीच्या संस्था वेगळ्या आहेत. दिल्लीतले विद्याज्योती हे जेझुइट धर्मशास्त्र महाविद्यालय १९७० च्या दशकात कर्सियांगहून इथे आले. तिथे चर्चच्या सेवेसाठी तयारी होते आणि ते उघड व रास्त आहे. विद्यापीठाच्या विभागात विद्यार्थी काय मानतो, हे गुणपत्रिकेवर उतरत नाही. ग्रंथ कोणत्या काळातला, त्याच्या प्रती कुठे सापडल्या, एका परंपरेचा पाठ दुसरीपेक्षा वेगळा का, राजाश्रय आणि व्यापार यांनी पंथाचे रूप कसे बदलले, असे प्रश्न तिथे सोडवायचे असतात. बापटांचेच काम पाहा. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ त्यांना उपलब्ध होता तो चिनी अनुवादात. त्यांनी तो बुद्धघोषाच्या पाली विसुद्धिमग्गाशी ताडून पाहिला आणि १९३७ साली तो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा, दोन परंपरा आणि शतकांचे अंतर पार करून केलेली ही पडताळणी प्रवचनाच्या तयारीपेक्षा अगदी वेगळ्या जातीची आहे.

गैरसमज: श्रद्धावान माणसाला हा अभ्यास झेपत नाही, किंवा अभ्यासाने त्याची श्रद्धा मोडते.

याची उलटी बाजूही तितकीच ऐकू येते: धर्माबाहेरच्या माणसाला त्याचा गाभा कळूच शकत नाही. या दोन्ही आक्षेपांना बापटांचे गुरू धर्मानंद कोसंबी हे एकच उत्तर पुरेसे आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीने १९०२ साली श्रीलंकेत जाऊन दीक्षित झाला. पुढे त्याच माणसाने हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्यासाठी पाठभेद जुळवत वर्षे घालवली आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. श्रद्धेने त्यांना ग्रंथाजवळ नेले. शिस्तीने त्यांना तो जसा आहे तसा वाचायला लावले. अभ्यासामुळे कुणाच्या समजुती बदलतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परंपरेने सांगितलेले आणि पुराव्याने दिसणारे यांत अंतर असेल, तर ते कळणे हा अपाय नाही. आतल्या माणसाला अनुभवाची भाषा कळते, बाहेरच्याला आतल्यांनी गृहीत धरलेले दिसते; चांगल्या वर्गाला दोघांचीही गरज असते.

गैरसमज: पदवी घेऊन उपयोग काय?

नोकरीची चिंता खरी आहे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात आणि पाली, अरबी, संस्कृत किंवा तिबेटी यांपैकी एक तरी भाषा पक्की नसेल तर पुढचा रस्ता अवघड होतो. नेट परीक्षेत मात्र धर्मांचा तौलनिक अभ्यास, अरब संस्कृती आणि इस्लामी अध्ययन, बौद्ध-जैन-गांधी-शांतता अध्ययन हे विषय आहेत. तरीही उपयोगाचा प्रश्न नोकरीपाशी संपत नाही. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे न्यायालयांना ठरवावे लागते आणि ते ठरवताना ग्रंथ व आचार यांची जाण लागते. पां. वा. काणे हे मुंबईचे वकील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले आणि न्यायनिर्णयांत त्यांचे दाखले दिले गेले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकले आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभारले. डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा आपला ग्रंथ दिल्लीतल्या अलीपूर रोडवरच्या घरात पुरा केला. १९५६ च्या धर्मांतरामागे अनेक वर्षांचे वाचन होते. धर्माच्या अभ्यासाने समाज हलतो, याचा याहून जवळचा पुरावा महाराष्ट्राला शोधावा लागू नये.

उरतो सर्वांत गंभीर आक्षेप: असे विभाग सत्तेच्या किंवा एखाद्या संघटनेच्या हातातले प्रचारकेंद्र बनले तर? ही भीती कोणत्याही एका धर्माच्या विभागापुरती मर्यादित नाही आणि ती पोकळही नाही. तिच्यावर उपाय विभाग बंद करणे हा नव्हे. विद्यापीठाने विषय सोडला तर धर्माविषयी बोलण्याचा मक्ता फक्त व्यासपीठांकडे आणि मोबाइलवरच्या संदेशांकडे जातो, आणि तिथे पाठ तपासायची शिस्त नसते. म्हणून प्रवेश घेताना नाव पाहू नये, अभ्यासक्रम पाहावा. मूळ भाषा शिकवतात का? त्या धर्मातले विरोधी प्रवाह वाचायला लावतात का? हिंदू अध्ययनात चार्वाक, चोखामेळा आणि फुल्यांची टीका आहे का? इस्लामी अध्ययनात सुन्नी, शिया आणि सूफी परंपरांना न्याय मिळतो का? परंपरेविरुद्ध पण पुराव्यानिशी लिहिलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर मुलांना तिथे निर्धास्त पाठवावे. नकारार्थी असतील, तर तो विभाग धर्माचा आहे म्हणून टाळू नका. तिथे अभ्यास होत नाही म्हणून टाळा.