सीडीतलं गाणं, जसंच्या तसं

गाण्यांची सीडी संगणकात घातली, फोल्डर उघडला आणि आतल्या फाइली सरळ हार्ड डिस्कवर ओढून घेतल्या, असं अनेकांनी केलेलं असतं. हाती लागते ती प्रत्येक ट्रॅकची '.सीडीए' नावाची एक चिमुकली फाइल, जेमतेम 44 बाइटची. सीडी बाहेर काढली की ती वाजत नाही. तिच्यात गाणं नसतंच. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढीच नोंद असते, आणि तीही विंडोजने आपल्या सोयीसाठी तयार करून दाखवलेली. गाण्यांच्या सीडीवर मुळात फाइली नसतात. म्हणूनच गाणी संगणकावर घेण्यासाठी 'रिपिंग' नावाचं वेगळं काम करावं लागतं.

फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली सीडीचं मानक ठरवलं ते घरातल्या प्लेअरसाठी. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. हा सगळा ऐवज सेकंदाला 75 सेक्टर या वेगाने वाचला जातो आणि एका सेक्टरमधले सगळेच्या सगळे 2,352 बाइट संगीताचे असतात. पुढे आलेल्या डेटा सीडीत याच 2,352 पैकी फक्त 2,048 बाइट माहितीला दिले. उरलेल्या जागेत सेक्टरचा नेमका पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याचा जादा हिशेब ठेवला. त्यामुळे डेटा सीडीवरची फाइल एक तर नीट उतरते, नाही तर संगणक तक्रार करतो. गाण्यांच्या सीडीत हा जादा पहारा नाही.

दुरुस्तीची सोय अजिबात नाही असं मात्र नव्हे. माहिती विखरून लिहिलेली असते आणि तिला रीड-सॉलोमन या गणिती कोडची जोड असते. वाचनाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर भाग खराब झाला तरी मूळ आकडे पूर्णपणे परत मिळवता येतात. ही गेल्या शतकातली फार सुंदर अभियांत्रिकी आहे. चरा त्याहून मोठा असेल तर प्लेअर अलीकडच्या-पलीकडच्या नमुन्यांवरून मधले अंदाजाने भरतो. कानाला बहुतेक वेळा काही कळत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर यात काहीच गैर नाही. पण कायमची प्रत करताना तोच अंदाज खऱ्या सुराच्या जागी फाइलमध्ये जाऊन बसतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

ही नोंद ठेवण्याचा आग्रह धरला आंद्रे वीटहॉफ या जर्मन प्रोग्रामरने. त्या काळच्या रिपर प्रोग्राममधून चरे पडलेल्या सीडी खरखरत उतरत, त्याला वैतागून 1998 साली त्याने 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' लिहिला. बिगरव्यावसायिक वापरासाठी तो मोफत होता. आवडला तर एक पोस्टकार्ड पाठवा, एवढीच त्याची मागणी. लिनक्सवर हेच काम 'सीडी पॅरानोइया' करत आला आहे.

पद्धत साधी आणि चिवट. 'सिक्युअर' मोडमध्ये प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचायचा. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे. नाही जुळली तर तोच सेक्टर सोळा वेळा वाचायचा आणि त्यातली आठ वाचनं सारखी आली तरच तो मान्य करायचा. तरीही जमलं नाही तर आणखी सोळा. अगदीच हट्टी सेक्टर 82 वेळांपर्यंत वाचला जातो. ड्राइव्हने स्वतःच्या कॅशमधून जुनंच वाचन पुन्हा पुढे करू नये, याचीही तजवीज त्यात आहे.

चांगल्या सीडीचं काम काही मिनिटांत उरकतं. चरे पडलेली सीडी असेल तर एका जागी ड्राइव्ह मंदावते, लेन्स मागे-पुढे होऊ लागते, पडद्यावरचे चौकोन एकेक करून लाल होत जातात आणि एकाच ट्रॅकला तासभरही लागू शकतो. शेवटी लॉग येतो. त्यात प्रत्येक ट्रॅकची वाचन-गुणवत्ता टक्क्यांत असते आणि जिथे खात्री देता येत नाही तिथे 'सस्पिशस पोझिशन' असं लिहून नेमका मिनिट-सेकंद दिलेला असतो. ती जागा आपण स्वतः ऐकून तपासू शकतो. माझ्या मते या प्रोग्रामचं मोठेपण या लॉगमध्ये आहे.

पुढे 'अ‍ॅक्युरेटरिप' आलं. तुमच्या ट्रॅकमधल्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची बेरीज (चेकसम) जगात इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या बेरजेशी ते ताडून पाहतं. इंग्रजी पॉपसाठी हे फार उपयोगी. मराठी भावगीतांची किंवा पुण्यातल्या अलूरकरांसारख्या प्रकाशकांनी काढलेल्या शास्त्रीय संगीताची सीडी असेल तर ताडायला दुसरी प्रत सापडेलच असं नाही. अशा वेळी तीच सीडी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवावी आणि लॉगमधले सीआरसी, म्हणजे अशाच पडताळणीचे, आकडे जुळतात का ते पाहावं. त्याआधी सेटिंगमध्ये प्रत्येक ड्राइव्हचा 'ऑफसेट' भरायला हवा, कारण काही ड्राइव्ह थोडे नमुने आधी वाचायला सुरुवात करतात, तर काही नंतर.

नावांचं दुखणं वेगळंच आहे. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं साठवलेलीच नसतात. ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखायची आणि लोकांनी भरलेली नावं इंटरनेटवरून आणायची, ही रीत 'सीडीडीबी' या माहितीसाठ्यापासूनची. आपल्या सीडींच्या बाबतीत येतं ते रोमन लिपीतलं, मनाला येईल त्या स्पेलिंगचं नाव. गायकाचं नाव निदान असतं. तबला कुणाचा, पेटी कुणाची, संगीतकार कोण, हे इनले कार्डावरच राहून जातं. ते हातानेच भरावं, आणि देवनागरीतच भरावं. साथीदारांची नावं गाळून केलेली प्रत मी तरी पूर्ण मानत नाही.

साठवायला एमपी३ नको, फ्लॅक घ्या. 2001 पासूनचं हे स्वरूप मोफत आहे. ते जागा साधारण निम्मी करतं आणि मूळ आकड्यांतला एकही गमावत नाही. एमपी३ लागलीच तर फ्लॅकवरून केव्हाही करता येते. कायद्याचं म्हणाल, तर आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी केलेल्या उचित वापराला मुभा देतं आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणंही त्या मुभेत आली. स्वतः घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत करणं वेगळं, ती गावभर वाटणं वेगळं.

नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह केव्हाच गेली. यूएसबीला लावायची ड्राइव्ह अजून दुकानात मिळते, तोवर एक घेऊन ठेवा. सुरुवात अशा सीडींपासून करा, ज्या पुन्हा बाजारात येण्याची शक्यता कमी: छोट्या प्रकाशकांच्या, खासगी मैफलींच्या, गावातल्या संगीत मंडळांनी काढलेल्या. आणि प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये फाइलींसोबत लॉग आणि इनले कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो अवश्य ठेवा.