घाटानं घडवलेली राजधानी

खोडदला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात ते आकाश ऐकायला. इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या एकूण ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ खोडदजवळच्या साधारण एक किलोमीटर लांब-रुंद चौरसात एकवटल्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर गेल्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी इथं टिपल्या जातात. पण याच तालुक्यात, इथून पश्चिमेला तासाभराच्या आत, एक चौक आहे. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपापल्या नावानिशी भेटतात. तो चौक म्हणजे जुन्नर.

राजधान्यांचे जुने चौक बघायला लोक रोमला जातात, प्रागला जातात. मधे फरसबंदी मोकळी जागा, एका अंगाला प्रार्थनास्थळ, दुसऱ्या अंगाला सत्तेची वास्तू, तिसऱ्या अंगाला बाजार. जुन्नर हीसुद्धा राजधानी होती, तीही एकदा नव्हे. पण असा चौक शोधत तुम्ही सदाबाजार पेठेत किंवा पणसुंबा पेठेत फिरलात तर तो सापडणार नाही. त्यासाठी मान वर करावी लागते. कुकडीकाठचं हे अख्खं गाव म्हणजेच चौक आहे आणि भोवतालचे डोंगर या चौकाच्या बाजू आहेत. उत्तरेला नदीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, गावाला खेटून शिवनेरी, त्याच्या पलीकडे पश्चिमेला तुळजा लेणी. या डोंगरांच्या पोटात मिळून २००हून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे सापडणं अवघड.

हे सगळं इथंच का झालं? उत्तर नाणेघाटात आहे. सोपारा, कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं आणि देशावरचं पैठण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी. ती ओलांडायला या भागात नाणेघाटाची अरुंद खिंड. खालून चढत आलेला माल माथ्यावर पोचला की पुढचा मोठा मुक्काम जुन्नर. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आजही उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.

घाटातल्या लेण्यात शिरलात की दोन्ही बाजूंच्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरलेल्या दिसतात. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आता जवळजवळ गेल्या आहेत, पण वरची नावं राहिली आहेत. लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे, आणि खरं आश्चर्य त्या यादीतल्या आकड्यांत दडलंय. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा नोंदवली आहे. आपण हा आकडा लिहायला पाच अंक वापरतो, शेवटची दोन शून्यं. कोरणाऱ्याकडे शून्य नव्हतं. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरवायची, ही कल्पनाही त्या लिखाणात नव्हती. त्यानं तीन खुणा शेजारी शेजारी कोरल्या: वीस हजारांची, चार हजारांची आणि चारशेची. चार हजारांची खूण करताना हजाराच्या चिन्हालाच चारचं चिन्ह जोडलं. बेरीज वाचणाऱ्यानं करायची. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या मोठ्या पुराव्यांपैकी हा एक, आणि तो एखाद्या विद्यापीठात नव्हे तर वाहत्या वाटेवर कोरलेला आहे.

या वाटेनं आलेल्यांनी जुन्नरचा चौक बांधला. मानमोडीच्या एका लेखात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम भेटतो. लेखात दिलेल्या कालगणनेच्या ४६व्या वर्षी त्यानं पाण्याचं टाकं आणि मंडप दिला. पण असे बडे दाते थोडेच. बाकीचे लेख वाचताना मन हरखून जातं. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं बौद्ध भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं कोरून घेतलं. आडुथुम नावाच्या एका शकानं जमिनीचं उत्पन्न लावून दिलं ते करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी. समुद्रापलीकडून किंवा सिंधूपलीकडून आलेल्या घराण्यातला माणूस जुन्नरच्या उन्हात सावलीची सोय करतो आणि ती दगडावर नोंदवून ठेवतो!

या दानांमागची व्यवस्थाही बघण्यासारखी आहे. दात्यानं रक्कम थेट विहाराला द्यायची नाही, कारागिरांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवायची. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी ती रक्कम धंद्यात वापरणार आणि दरमहा ठरलेली रक्कम संघाला पोचवणार. मुद्दल तसंच राहणार. अशी व्यवस्था चालायची तर त्या श्रेणीवर लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा हवा. तो जुन्नरच्या कारागिरांनी कमावला होता.

आता तुळजा लेणीपर्यंत चला. तिथलं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती वर्तुळात १२ अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. खांबांवर कसलीही नक्षी नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास हे कोरलं गेलं. वीट किंवा दगड रचत घुमट उभारणं वेगळं. इथं कारागीर डोंगरात शिरला आणि नको तेवढा दगड काढून त्यानं पोकळी घडवली. एक खांब चुकला असता तर तो पुन्हा लावता आला नसता.

दीड हजार वर्षांनी हाच चौक पुन्हा सत्तेचं ठिकाण झाला. १४९० मध्ये मलिक अहमदनं बहमनी सत्तेपासून फारकत घेतली आणि निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरला थाटली. १४९४ मध्ये त्यानं अहमदनगर वसवलं, कारण दौलताबादवर नजर ठेवायची तर घाटाच्या तोंडाशी बसून भागणार नव्हतं. पुढे नगर मोगलांच्या हाती गेल्यावर, १६०७च्या सुमारास, मलिक अंबरनं निजामशाही सावरताना काही काळ पुन्हा जुन्नरलाच राजधानी आणली. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. घाटानं आणलेल्या माणसांच्या यादीत तोही बसतो. गावाजवळ हापूसबागेतला सौदागर घुमट त्या सुलतानी काळाची साक्ष देत उभा आहे.

आणि शिवनेरी. इथं १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावर शिवाई देवीचं देऊळ, धान्याचा अंबरखाना, खडकातली गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, आणि कड्यात सातवाहन काळातली लेणी. एकाच डोंगरावर इतके थर. जन्मगावाचं वैभव महाराज ओळखून होते. १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर रात्री छापा घातला आणि तीन लाख होन व २०० घोडे नेले. राजधानी जाऊन इतकी वर्षं लोटल्यावरही पेठेत एवढी संपत्ती होती. पुढे इथला जुन्नरी कागद मराठी दप्तरांमध्ये नावाजला गेला.

मला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. राजांनी जुन्नरला राजधानी म्हटलं आणि सोयीप्रमाणे ती उचलून नेली. शहर मात्र घाटाच्या वाटेनं येणाऱ्यांनी आणि इथं हातानं काम करणाऱ्यांनी घडवलं, म्हणून दरबार हलला तरी ते टिकलं. गावातल्या एका पेठेचं नाव आजही कल्याण पेठ आहे.

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला हजारो लोक पायऱ्या चढतात. गणपती आहे ते सातवं लेणं. पुढच्या वेळी दर्शन झालं की लगेच खाली उतरू नका. शेजारच्या सहाव्या लेण्यात जा, दोन्ही बाजूंचे पाच-पाच खांब बघा आणि तिथला ब्राह्मी लेख शोधा. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दिलं, एवढंच त्यात लिहिलंय. बरोबर मुलं असतील तर त्यांना ते नाव मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या तालुक्याच्या इतिहासात राजांच्या शेजारी अशा माणसांनाही जागा आहे, हे त्यांना लहानपणीच कळलं पाहिजे.