घडता खेळाडू (लेखांक ७) : उंची पुढे धावते तेव्हा

गेल्या लेखांकात बैठक, जोर, ओढणं आणि ओझं घेऊन चालणं या चार मूळ हालचाली पाहिल्या. त्यानंतर पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला किती वजन द्यायचं? नुसत्या वयावरून याचं उत्तर देता येत नाही. मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळलं, तरच पुढे बोलता येतं.

आठवीच्या कोणत्याही वर्गात डोकावून पाहा. एकाला मिसरूड फुटलेली असते, आवाज घोगरा झालेला असतो, खांदे रुंदावलेले असतात. त्याच बाकावरचा दुसरा अजून पाचवीतला वाटतो. दोघं एकाच महिन्यात जन्मलेले असतील, तरी शरीराच्या पक्वतेत त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी १४व्या वर्षाच्या आसपास आणि मुलींची १२व्या. ऐन भराच्या दिवसांत मुलाच्या वाढीचा वेग वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, मुलीचा साधारण आठपर्यंत. पण ही झाली सरासरी. कुणाचा हा भर दोन वर्षं आधी येतो, कुणाचा दोन वर्षं उशिरा, आणि दोघंही ठणठणीत असतात.

आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांचे गट मात्र १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे जन्मतारखेवर पडतात. १४ वर्षांखालच्या गटात गोळा लांब टाकणारा किंवा चढाईत चौघांना ओढून नेणारा मुलगा पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. त्याचं कौतुक व्हावंच. पण त्याच्या निकालाला शिक्षकांनी स्वतःच्या पद्धतीची पावती समजू नये. ताकदीवर सहज जिंकता येतं, म्हणून तो तंत्र शिकायचं टाळतो. दोन-तीन वर्षांत बाकीचे उंची-वजनाने त्याला गाठतात आणि मग त्याच्या हाती काही उरत नाही. तोवर उशिरा वाढणारा मुलगा ‘अंगात दम नाही’ हे शेरे ऐकून मैदान सोडून गेलेला असतो. एकाच रचनेत आपण दोन्ही मुलं गमावतो. मला ही आपल्या शालेय खेळातली सर्वांत मोठी गळती वाटते.

आपल्याकडच्या जुन्या वस्तादांना हे कळत होतं. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावताना जन्माचा दाखला कुणी विचारत नाही. दोन पोरं शेजारी उभी करतात, खांदे, मनगट, मांड्या बघतात आणि जोड ठरवतात. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकादमींनी गेल्या दशकात असाच विचार मोजमापाने करून पाहिला. मुलाची आजची उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याची अंतिम उंची अंदाजायची, त्यातली किती टक्के आज गाठली आहे ते काढायचं आणि त्या टक्क्यांप्रमाणे गट पाडून सामने खेळवायचे. याला बायो-बँडिंग म्हणतात. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे प्रथमच तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटतात आणि त्याला डोकं वापरावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला चेंडू पायाशी ठेवण्याची उसंत मिळते. तालुक्याच्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस असे गट पाडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता शरीराच्या आत काय चालतं ते पाहू. वाढीच्या भरात आधी पावलं वाढतात, मग पाय, आणि धड मागाहून. घरच्यांना हे बुटांवरूनच कळतं. हाडं लांबतात, पण त्यांना धरणारे स्नायू आणि कंडरा त्या वेगाने तयार होत नाहीत. हाडात खनिज भरण्याचं कामही लांबीच्या मागे काही महिने चालतं, म्हणून याच वर्षांत मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. घराचा स्लॅब पडला तरी सेंटरिंग लगेच काढत नाहीत, तसा हा काळ आहे. खनिज भरण्याचा वेग टिपेला असतो त्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडांतल्या खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा भरला जातो. म्हणजे हाडांना योग्य भार मिळण्याची गरजही याच काळात सर्वांत जास्त असते.

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो तो याच वयात. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. मांडीचा मोठा स्नायू उडीगणिक आणि लाथेगणिक जिथे ओढ देतो, तिथली कूर्चा अजून पक्कं हाड झालेली नसते. टाचेच्या मागे असंच दुखतं, ते सेव्हरचं दुखणं. अशा वेळी दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो सगळं बंद कर, दुसरा म्हणतो आणखी बैठका मार, दुखणं पळेल. दोन्ही सल्ल्यांनी नुकसानच होतं. कमी करायच्या त्या उड्या, सिमेंटवरच्या धावा आणि शेकड्यांनी मारलेल्या बैठका. चालू ठेवायचं ते सावकाश, मोजकं ताकदीचं काम, दुखणार नाही एवढ्या खोलीपर्यंत. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, सांध्याला सूज असेल किंवा मूल लंगडत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं.

वजन उचललं की उंची खुंटते, ही भीती इथे बाजूला ठेवायला हवी. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि नीट शिकवून केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांचं २०१४ मधलं एकमत-निवेदन अशा व्यायामाला सुरक्षित आणि हितकारक ठरवतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि उंचावरून उडी मारल्यावर त्याहून कितीतरी जास्त. हे आपण मुलांना रोज करू देतो आणि हातात पाच किलोची पट्टी दिली की घाबरतो. दुखापती होतात त्या शिकवणारा जागेवर नसताना, चढाओढीत जास्तीत जास्त वजन आजमावताना.

वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती स्नायू फुगून नव्हे, तर मेंदू आणि मज्जातंतू आहेत तेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतात म्हणून. दहा वर्षांच्या मुलाचे दंड दिसायला तसेच राहतात, पण दोन-तीन महिन्यांत त्याची ताकद लक्षणीय वाढलेली असते. हालचाली शिकवण्याचं खरं वय तेच. वाढीचा भर आला की हीच शिकलेली हालचाल बिघडते. पाय अचानक लांब झालेले असतात, मेंदूजवळ मात्र शरीराचं जुनंच माप असतं. काल झेल सहज घेणारा मुलगा आज चेंडू सोडतो, अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचा पाय अडकतो. प्रशिक्षक ओरडतात, “लक्ष कुठंय तुझं?” लक्ष असतं, पण शरीर नवं असतं. या मुलाला त्या दिवशी सगळ्यांसमोर झापणं हा मी अन्याय मानतो.

या काळात त्याला हालचाल पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. वेटलिफ्टिंगचा मुलगा असेल तर बार बाजूला ठेवून काठी घ्यायची. बैठकीत तीन मोजत खाली, तळाला क्षणभर थांबणं, मग वर. एका पायावरची कामं, कंबरेतून वाकणं, पोट आणि पाठ घट्ट ठेवून धरणं. आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. एकेका व्यायामाचे एक ते तीन सेट, प्रत्येकी ८ ते १५ वेळा, शेवटची फेरीसुद्धा पहिलीइतकीच स्वच्छ. ती तशी सलग काही दिवस झाली, की वजन पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचं. या वर्षात कमाल वजनाची चाचणी घेऊ नये. मुलांमध्ये ताकदीची मोठी उसळी उंचीच्या भरानंतर साधारण सहा महिने ते वर्षाने येते. ती आली की बारवर पट्ट्या चढवायला हरकत नाही, कारण आता हालचाल पक्की असते आणि स्नायू बांधणारी संप्रेरकंही मदतीला असतात.

भर आला हे कसं ओळखायचं? भिंत, टेप आणि वही पुरते. दर तीन महिन्यांनी, सकाळच्याच वेळी, अनवाणी उभं करून उंची घ्यावी. वेळ महत्त्वाची, कारण संध्याकाळपर्यंत माणूस एखादा सेंटिमीटर आखूड होतो. मग सपाट स्टुलावर बसवून बैठी उंची घ्यायची आणि वजन करायचं. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर वाढ म्हणजे वर्षाला आठचा वेग, अर्थात भर सुरू झालेला आहे. उभ्या उंचीतून बैठी उंची वजा केली की पायांची लांबी येते. ती जोरात वाढत असेल तर भर ऐन चढावर आहे. पुढे धड वाढू लागलं की तो ओसरायला लागतो. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातल्या मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच मोजमापांवरून भर किती दूर आहे हे सांगणारं समीकरण दिलं. फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत ते चुकतं, म्हणून माझा भरवसा वहीवर आहे.

मनगटाच्या एक्स-रेवरूनही वाढ कळते. भारतीय क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांचं वय पडताळायला याच एक्स-रेवर आधारलेली टीडब्ल्यू-३ पद्धत वापरतं. पण त्यातून कळतं ते हाडाचं वय. लवकर वाढलेल्या प्रामाणिक मुलाचं हाड त्याच्या दाखल्याच्या पुढे असू शकतं. नुसत्या एक्स-रेवरून कुणाच्या पोराला खोटं ठरवू नये.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण त्यांच्यासाठीच्या सूचना मुलांच्या वेळापत्रकावर बेतलेल्या असतात. मुलीचा भर सहावी-सातवीतच येऊन जातो, आणि पहिली पाळी सहसा त्या भरानंतर वर्षभरात येते. त्यानंतर उंची आणि वजन वाढतं, पण ताकदीची उसळी मुलांसारखी आपसूक येत नाही. ती व्यायामानेच मिळवावी लागते. म्हणून नेमकं ज्या वयात ‘आता मुलींनी वजनं कशाला उचलायची’ म्हणून हात आखडता घेतला जातो, त्याच वयात त्यांना ताकदीच्या कामाची सर्वांत जास्त गरज असते. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळणं हे गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं मोठं कारण आहे, आणि या वयानंतर तो धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. खो-खोतली एकदम बदललेली दिशा, कबड्डीत मागे झेपावणं, व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळचं उतरणं, सगळीकडे तेच. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सराव सुरू होताना २० मिनिटं ताकद, तोल आणि उतरण्याचा व्यायाम दिला, तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला कोणतंही महागडं साहित्य लागलं नव्हतं.

नियमित झालेली पाळी सलग तीन महिने चुकली, तर ‘सराव जोरात चाललाय’ म्हणून सोडून देऊ नये. बहुतेकदा त्याचा अर्थ मुलगी खर्चते तेवढं खात नाही असा असतो, आणि हाडं भरण्याची हीच वर्षं असतात. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारणं अवघड वाटतं, मुलीला सांगणं त्याहून अवघड. शाळेतल्या एखाद्या बाईंकडे किंवा मुलीच्या आईकडे ही नोंद सोपवावी, आणि तीन महिने कोरे गेले की डॉक्टरकडे न्यावं, असं सराव सुरू होतानाच ठरवून ठेवावं. भाकरीसोबत रोज डाळ किंवा उसळ, अंडी किंवा दूध, मूठभर शेंगदाणे एवढं पोटात जातं का, हेही त्याच वहीत लिहावं.

पुढच्या आठवड्यात या खाण्याबद्दलच सविस्तर : वजनगटात बसण्यासाठी पोरांना उपाशी ठेवण्याची पद्धत, आणि तिच्याऐवजी काय करता येतं.