डॉक्टर आले, आता टिकवूया



साधारण 30,000 लोकवस्तीला, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 ला, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा सरकारी निकष आहे. पण डॉक्टरच नसतील, तर रात्री अडलेल्या बाईला तालुका गाठावा लागतो. त्यात जाणारा वेळ जिवावर बेततो.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते.  हा बॉन्ड डॉक्टरांना गावात आणतो, पण वर्ष सरल्यावर थांबवून धरत नाही.

आमच्याकडच्या डॉक्टरताई निघाल्या तेव्हा आम्ही कारण विचारलं. म्हणाल्या, "क्वार्टरला पाणी नाही, दाराची कडी मोडकी. रात्री एकटीला भीती वाटते." पगाराचं नावही त्यांनी काढलं नाही.

भरती आणि पगार सरकारनं बघायचं. पण क्वार्टरचं पाणी, दिवा, कुंपण यांचा विषय ग्रामसभेत आपण मांडू शकतो. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला निधी मिळतो. तो कुठं खर्च झाला, हेही विचारू शकतो. दवाखान्यात कुणी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलं, तर त्याला आवरायला गावानंच पुढं व्हावं.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की सगळ्या मिळून ते क्वार्टर एकदा बघून येऊ.