टेन्युअरची फाइल पहिल्या सत्रातच सुरू होते

मागच्या भागात मी जाता जाता म्हटलं की मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि मला टेन्युअर मिळालंय. त्यावर दोन प्रकारचे मेसेज आले. एक, "पीएचडी नसताना?" आणि दुसरा, "टेन्युअरची तयारी म्हणजे नेमकं करायचं काय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे बारावीनंतरची, मुख्यतः दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. इथून मुलं युनिव्हर्सिटीत जातात किंवा थेट कामाला लागतात. शिकवायला बहुतेक विषयांत मास्टर्स पुरते. तुम्ही पेपर किती छापलेत ते कोणी विचारत नाही. काम शिकवण्याचं, त्यामुळे तपासणीही मुख्यतः शिकवण्याचीच. आणि हो, टेन्युअरचा रस्ता फक्त फुल-टाइम लोकांसाठी असतो. बहुसंख्य प्राध्यापक पार्ट-टाइमच आहेत, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. त्यांना इथे "फ्रीवे फ्लायर" म्हणतात. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आठवा, त्यांची चुलत भावंडंच ही.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी आधी कॅलेंडर बघू. कॅलिफोर्नियात हे सगळं राज्याच्या एज्युकेशन कोडमध्ये लिहिलेलं आहे. पहिला करार एका वर्षाचा, दुसरा एका वर्षाचा, तिसरा दोन वर्षांचा. एकूण चार वर्षं आणि दरवर्षी मूल्यमापन. शेवटी एकतर टेन्युअर, नाहीतर नमस्कार. प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय 15 मार्चच्या आत कळवावा लागतो. आता हिशोब करा. तुम्ही ऑगस्टमध्ये रुजू झालात, तर 15 मार्चच्या आधी समितीची बैठक, अहवाल, बोर्डाची मंजुरी, सगळं व्हायचं असतं. म्हणजे समितीने तुमचं पहिलं सत्र बघितलं की तेवढ्यावरच पहिला निर्णय! "चार वर्षं आहेत की" असं वाटतं, पण तसं नसतं.

म्हणून सगळ्यात आधी युनियनचा करार काढा आणि त्यातलं मूल्यमापनाचं कलम वाचा. समितीत कोण, वर्गाला भेटी किती, विद्यार्थ्यांचे फॉर्म कधी, तुमचं स्वतःचं निवेदन कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं त्यात असतं आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलेलं इथे चालत नाही.

वर्गभेटीचं फार टेन्शन घेतात लोक. आपल्या डोक्यात शाळेची तपासणी असते ना, साहेब येणार म्हणून फळा सजवायचा आणि हुशार मुलं पुढे बसवायची. इथे ते करू नका. एरवी गटात न बसणारी मुलं त्या दिवशी अचानक गटात बसली, तर ती गोंधळतात आणि मागे बसलेल्या माणसाला ते लगेच दिसतं. रोजचाच तास घ्या, फक्त भेटीआधी एक पानभर लिहून द्या: आज काय शिकवणार, मुलं कुठे अडतात, मी काय करून बघतेय.

खरी मेख आहे ती मागच्या वर्षीच्या अहवालात. पुढच्या वर्षी समिती सगळ्यात आधी काय उघडते? तोच अहवाल. त्यात "सूचना" म्हणून दोन-तीन ओळी असतात, गोड भाषेत. त्या गोड भाषेला फसू नका, ती तुमची पुढच्या वर्षाची प्रश्नपत्रिका आहे. माझ्या मते टेन्युअरची फाइल म्हणजे तुम्ही किती भारी आहात याचा पुरावा नव्हे. तुम्हाला वर्गात काय दिसलं, तुम्ही काय बदललं आणि मग काय झालं, याची ती नोंद असते.

माझंच उदाहरण. विद्यार्थ्यांच्या फॉर्ममध्ये एकाने लिहिलं की मॅडम काय म्हणतात ते दोन आठवडे कळलंच नाही. मी म्हणत होते "झेड-स्कोअर". अमेरिकेत ते अक्षर "झी"! हसू आलं, पण समितीने सूचना लिहिली, "उच्चारातील स्पष्टतेकडे लक्ष द्यावे". मी उच्चारावर वाद घातला नाही. प्रत्येक तासाला नवे शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहायला लागले, रेकॉर्डिंगना कॅप्शन तपासून लावले आणि सत्राच्या मध्यावर स्वतःच एक निनावी छोटा सर्व्हे घेतला. फळ्याचे फोटो, सर्व्हेची उत्तरं, सगळं तारखेसकट फाइलमध्ये ठेवलं. पुढच्या अहवालात ती सूचना नव्हती.

दुसरी अडचण खास आपली. स्वतःचं निवेदन लिहायला बसलं की आपण सरकारी मराठीच इंग्रजीत उतरवतो: "उपक्रम राबवण्यात आला", "मार्गदर्शन करण्यात आले". अरे, पण कोणी केलं? स्वतःची टिमकी वाजवू नये हे संस्कार चांगलेच आहेत, पण समितीला कर्ता सापडत नाही. "मी" लिहा आणि पुढे साधं क्रियापद.

आकड्यांबद्दलही बोलू. 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर बीजगणित कच्चं असलेली मुलंही थेट माझ्या वर्गात येतात, आधी वर्षभर रेमेडियल करून नाही. मला कायदा पटतो, पण शिकवणं अवघड झालं हेही खरं. त्यामुळे पास होण्याचं प्रमाण नुसतं देऊन भागत नाही. कोण गळालं, कितव्या आठवड्यात, तेव्हा मी कोणाला ईमेल केला आणि कोणाला ट्यूटरकडे पाठवलं, हे लिहा. कमिट्यांची कामं मात्र सुरुवातीला एखादीच घ्या. पाच कमिट्यांत नाव आणि वर्ग वाऱ्यावर, हे कोणालाच आवडत नाही.

एका ताईंनी व्हिसाचं विचारलं होतं. सरकारी कम्युनिटी कॉलेजला एच-1बीची लॉटरी लागत नाही, हा मोठा फायदा. पण याच व्हिसावर लॉटरीतून न जाता आलेली व्यक्ती नंतर खासगी कंपनीत जाऊ म्हणाली, तर तिला लॉटरीत उतरावं लागतं. आणि नकार आला तर? मार्चमधली नोटीस पुढच्या शैक्षणिक वर्षाबद्दल असते, चालू करार संपेपर्यंत नोकरी असते. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. म्हणून ताई, वकिलाशी बोलणं मार्चमध्येच, जूनमध्ये नाही.