रिंगणाबाहेरचे आणि रिंगणातले पाहणे

आश्विनात आपल्या बडोद्यातील गरब्याच्या मैदानाकडेला एक निराळीच रांग उभी दिसते. पुण्या-साताऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या सुना, बदलीने आलेल्या शिक्षिका, क्वचित साठी उलटलेल्या आजीही. पायांनी ठेका धरलेला असतो, पण रिंगणात शिरण्याचा धीर होत नाही. ‘आणखी दोन फेऱ्या नीट पाहून घेऊ,’ असे म्हणता म्हणता रात्र सरते. या भगिनींशी आम्हांला थोडे बोलावयाचे आहे.

नुसते उभे राहून पाहिल्याने नाच येत नाही. येऊ लागला असे वाटते मात्र. शिकागो विद्यापीठातील कार्डास व ओब्रायन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मागे घसरत जाणाऱ्या ‘मूनवॉक’ची छोटी चित्रफीत काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखविली. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, पाय मात्र सरस पडले नाहीत. उलट, लंडनमधील २००५ सालच्या एका अभ्यासात बॅले व कापोएरा या नृत्यप्रकारांचे नर्तक तपासले, तेव्हा स्वतः शिकलेला प्रकार पाहताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक जागा झालेला आढळला. पायांनी थोडे केलेले असेल, तर डोळ्यांना अधिक दिसते.

आपल्या भोंडल्यात हातात हात असतो. शेजारणीच्या ओढीनेच पाऊल पडते. गरब्यात हात टाळीसाठी मोकळे, त्यामुळे सारी भिस्त नजरेवर. नवखी बाई रिंगणापलीकडची एखादी निष्णात गरबा खेळणारी हेरते, आणि तेथेच फसते. ती आपल्याकडे तोंड करून उलट दिशेने जात असते. तिचा उजवा पाय आपल्या डाव्या अंगाला दिसतो. त्यापेक्षा लगतच पुढे चालणारीच्या पाठीवर नजर ठेवावी. तिचा उजवा तो आपला उजवा. पावले घागऱ्याच्या घेरात लपतात. शरीराचा भार कोणत्या पायावर गेला, हे कमरेवरून कळते. टाळी तर ऐकूही येते, म्हणून पाऊल चुकले तरी पुढच्या टाळीला लय पुन्हा गाठता येते. हातांचे लालित्य पुढच्या वर्षी आले तरी चालेल!

प्रारंभीच्या संथ गरब्यातच शिरावे. लय चढून धाप लागली, की बाहेर येऊन पाणी प्यावे आणि मग खुशाल पाहत उभे राहावे; त्या वेळी तीच पावले निराळी दिसू लागतात.