२१ बाइटांची कळंबोली

लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची पावती हातात आली. वजन, गाडी नंबर, भाडं सगळं चोख. गावाच्या जागी मात्र ‘कळंबोल’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. किलोकिलोचा हिशेब ठेवणाऱ्या बाजारात गावाची वेलांटी कशी गळते, ते बघायला पावती छापणारं सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसलो.

“२१,” ती म्हणाली. कळंबोली आपल्याला चार अक्षरांची दिसते. युनिकोडच्या लेखी ती सात खुणांची: क, ळ, अनुस्वार, ब, ओकार, ल, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, झाले २१. प्रोग्रॅममध्ये गावाला जागा २० बाइटांची. वेलांटीचे दोन बाइट आत, एक बाहेर. रोमन लिपीत हेच नाव नऊ बाइटांत मावतं, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कधी अडलंच नाही.

तिने जागा वाढवली, आणि कापायची वेळ आलीच तर अख्ख्या अक्षरावर कापायचं असं बसवलं. ते पटकन झालं. खरा वेळ खाल्ला कऱ्हाडने.

गावांच्या यादीत कऱ्हाड दोनदा होतं आणि भाड्याची बेरीज दोन्हीकडे विभागलेली. स्क्रीनवर दोन्ही नावं अगदी सारखी. तिने खुणा उलगडल्या. एकात ऱ, हलन्त, ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक, मग ह. दोन ऑपरेटर, दोन कीबोर्ड. र आणि नुक्ता (खालचं टिंब) वेगवेगळे टाइप केले तर युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांचा ऱ करून देतं. या जोडकाला ते हात लावत नाही. बरं, जोडक नुसता पुसावा तर रफार चढून ‘कर्हाड’ उरतं. शेवटी नियम हातानेच लिहावा लागला: र, हलन्त, जोडक दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. तो चालवल्यावर दोन्ही बेरजा एका ओळीत आल्या, तेव्हा कुठे ती चहा प्यायली.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. इतक्या वर्षांनंतरही २० बाइटांत गाव कोंबणं ही तांत्रिक अडचण नव्हे, निव्वळ बेपर्वाई आहे. दुकानासाठी, सोसायटीसाठी सॉफ्टवेअर घेत असाल तर पैसे देण्याआधी त्यात ‘कळंबोली’ लिहून छापून बघा आणि ‘कऱ्हाड’ दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाकून शोधून बघा.